फेरेंट्झ यांना काय माहीत होतं? आयोवाच्या फुटबॉलमधला वर्णभेदाचा वाद, सोप्या भाषेत

अमेरिकेतल्या आयोवा आणि मिनेसोटा या शेजारी राज्यांच्या विद्यापीठांमध्ये दरवर्षी फुटबॉलचा सामना होतो. जिंकणाऱ्या संघाला करंडक म्हणून मिळतं कांस्याचं एक डुक्कर. वजन 98 पौंड, म्हणजे साधारण 44 किलो. सामना संपला रे संपला की खेळाडू धावत जाऊन ते उचलतात आणि त्याच्यासकट नाचतात. दोन्हीकडच्या चाहत्यांना त्याचं नाव तोंडपाठ असतं: फ्लॉइड ऑफ रोझडेल.

हे डुक्कर आलं कुठून, ते मात्र सगळ्यांना ठाऊक नसतं. 1934 साली आयोवाच्या संघात ओझी सिमन्स नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू होता. त्या काळी मोठ्या विद्यापीठांच्या संघांत असे खेळाडू बोटांवर मोजण्याइतकेच. मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात त्याला इतके दणके बसले की मैदान सोडावं लागलं. पुढच्या वर्षीचा सामना आयोवात होता. गेल्या वर्षीची दांडगाई पंचांनी पुन्हा चालवून घेतली तर प्रेक्षक चालवून घेणार नाहीत, अशा अर्थाचं आयोवाचे राज्यपाल क्लाइड हेरिंग बोलून गेले आणि वातावरण तापलं. तेव्हा मिनेसोटाचे राज्यपाल फ्लॉइड ओल्सन यांनी तार ठोकली: हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला एक जातिवंत डुक्कर द्यायचं, बोला! हशा पिकला, ताण उतरला. आयोवा हरलं, डुक्कर मिनेसोटाला गेलं आणि ओल्सन यांचंच नाव त्याला मिळालं. सिमन्सला बसलेला मार मागे पडला, पैज तेवढी लक्षात राहिली.

आयोवाच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडूंना भेदभावाची वागणूक मिळत होती का, आणि मुख्य कोच कर्क फेरेंट्झ यांना ते माहीत होतं का, यावरून 2020 च्या जूनमध्ये आयोवाच्या चाहत्यांमध्ये जो वाद पेटला, तो समजून घ्यायला ही गोष्ट उपयोगी पडते. आपल्या संघावर जीव टाकणारी माणसं त्याचा इतिहास कसा आठवतात आणि त्यातलं काय गाळतात, हे त्यात आधीच दिसतं.

हा खेळ आणि हे राज्य

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नाही. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि हातात लंबगोल चेंडू असा हा धडकाधडकीचा खेळ आहे. अमेरिकेत त्याचे व्यावसायिक संघ आहेतच, पण विद्यापीठांच्या संघांचं वेड त्याहून कमी नाही. काही राज्यांत ते जास्तच आहे. आयोवात तर एकही मोठा व्यावसायिक संघ नाही, ना फुटबॉलचा, ना बास्केटबॉलचा, ना बेसबॉलचा. मका, सोयाबीन आणि डुकरं यांचं हे शेतकरी राज्य. शनिवारी सगळे डोळे लागलेले असतात विद्यापीठाच्या 'हॉकआइज' संघाकडे.

आयोवा सिटी हे नाव मराठी साहित्य वाचणाऱ्यांच्या कानांवरून गेलेलं असेल. तिथल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखक उपक्रमात आपलेही लेखक-कवी जाऊन राहिले आहेत. गावाची वस्ती 75 हजारांच्या आसपास आणि तिथल्या किनिक स्टेडियममध्ये बसतात सुमारे 69 हजार माणसं. म्हणजे सामन्याच्या दिवशी गावात जवळजवळ दुसरं गाव येऊन बसतं. स्टेडियमला लागूनच विद्यापीठाचं मुलांचं रुग्णालय आहे. 2017 पासून तिथे एक प्रथा सुरू झाली. सामन्याचा पहिला चतुर्थांश संपला की अख्खं स्टेडियम, प्रतिस्पर्धी संघासकट, रुग्णालयाकडे वळतं आणि वरच्या खिडक्यांतून पाहणाऱ्या आजारी मुलांना हात हलवून दाखवतं. हे दृश्य पाहिलं की या संघावर माणसं इतका जीव का लावतात, ते समजावून सांगावं लागत नाही. पुढचा सगळा कडवटपणा याच प्रेमाच्या पोटातून आला.

या घराचे कर्ते म्हणजे कर्क फेरेंट्झ. 1999 पासून ते मुख्य कोच आहेत. विद्यापीठ सरकारी, म्हणजे कोच हा सरकारी नोकर. पण अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो. फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा कोच असतो. फेरेंट्झ यांचा 2022 मध्ये वाढवलेला करार वर्षाला 70 लाख डॉलर्सचा आणि 2029 पर्यंतचा आहे.

आता खेळाडूंकडे पाहू. ही 18 ते 22 वर्षांची मुलं. 2020 साली त्यांना शिकायची शिष्यवृत्ती मिळायची, पगार नाही. स्वतःच्या नावावर जाहिरात करून चार पैसे मिळवायलाही बंदी होती. ती जुलै 2021 मध्ये उठली. कोचशी पटलं नाही म्हणून दुसऱ्या विद्यापीठात गेलं, तर तिथे सहसा एक वर्ष बाकावर बसून काढावं लागायचं. हा नियमही 2021 मध्ये सैल झाला. व्यावसायिक संघांची माणसं खेळाडू निवडायला आली की आधी कोचलाच विचारतात: पोरगा कसा आहे?

आयोवाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण 4 टक्के. संघात मात्र त्यांचं प्रमाण कितीतरी पट, आणि त्यातले पुष्कळ दुसऱ्या राज्यांतून आलेले. ज्या गावात वाटेत भेटणारा जवळपास प्रत्येक माणूस गोरा, तिथे हा मुलगा नवखा, पोरसवदा आणि कोचच्या मर्जीवर अवलंबून.

जून 2020 मध्ये काय झालं

25 मे 2020 रोजी मिनेसोटातल्या मिनिआपोलिस शहरात पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. देशभर लोक रस्त्यावर आले. 5 जूनला जेम्स डॅनिअल्स या आयोवाच्या माजी खेळाडूने ट्विटरवर लिहिलं की आयोवाच्या फुटबॉल संघात वर्णावरून फार तफावत आहे आणि कृष्णवर्णीय खेळाडूंना फार काळ अन्यायाची वागणूक मिळत आली आहे. डॅनिअल्स तेव्हा शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघात होता. आयोवाच्या कोचच्या हातात त्याचं काहीच उरलं नव्हतं.

त्याच्या मागोमाग माजी खेळाडूंची रांग लागली. पाचपन्नास जण बोलले, काही गोरेही. बहुतेकांच्या बोलण्यात एक नाव येत होतं: ख्रिस डॉयल. हे संघाचे स्ट्रेंथ कोच, म्हणजे व्यायाम आणि ताकदीचे प्रशिक्षक. ऐकायला दुय्यम वाटणारी ही जागा खरं तर फार मोठी असते. मोसम नसताना मुख्य कोचने खेळाडूंबरोबर किती वेळ घालवायचा यावर नियमांची बंधनं असतात. त्या महिन्यांत मुलं असतात ती स्ट्रेंथ कोचच्या ताब्यात. कोण मेहनती, कोण कामचुकार, कोणाचं वागणं नीट नाही, हा निवाडा तिथे होतो. डॉयल 1999 पासून फेरेंट्झ यांच्याबरोबर होते आणि वर्षाला सुमारे 8 लाख डॉलर्स घेत होते, या कामासाठी देशात सर्वांत जास्त. खेळाडूंनी सांगितलं ते असं: वर्णावरून टोमणे, आम्ही ज्या वस्त्यांतून आलो त्यांची खिल्ली, आम्हाला पुन्हा तिकडेच पाठवून देण्याच्या धमक्या. वर्णावरून आपण कधीही पक्षपात केला नाही, असं डॉयल यांनी जाहीरपणे सांगितलं.

फेरेंट्झ यांनी दुसऱ्याच दिवशी डॉयल यांना रजेवर पाठवलं. दहा दिवसांच्या आत विद्यापीठाने त्यांच्याशी करार करून त्यांना निरोप दिला आणि सोबत सुमारे 11 लाख डॉलर्स दिले. खेळाडूंवर ट्विटर वापरायची बंदी होती, ती उठली. माजी खेळाडूंची एक सल्लागार समिती नेमली गेली आणि माइक डॅनिअल्स हा माजी खेळाडू तिचा प्रमुख झाला. वर्णभेदाच्या निषेधासाठी राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकायचा की नाही, हे आता संघातली मुलं आपसांत बोलून ठरवतील, असंही फेरेंट्झ म्हणाले. त्याआधी सगळ्यांनी ताठ उभं राहायचं हा शिरस्ता होता.

विद्यापीठाने हश ब्लॅकवेल या बाहेरच्या वकिली संस्थेला चौकशीला बसवलं. त्यांनी 111 माणसांशी बोलून जुलैअखेर अहवाल दिला. संघाच्या नियमांमुळे वर्णाचे आणि संस्कृतीचे पूर्वग्रह टिकून राहिले, असं अहवाल म्हणतो. बऱ्याच कृष्णवर्णीय खेळाडूंना एका साच्यात बसावं लागतंय असं वाटत होतं, आणि तो साचा होता मध्य-पश्चिम अमेरिकेतल्या नीटनेटक्या गोऱ्या खेळाडूचा. जूनपासून वातावरण सुधारलं आहे, असं संघात तेव्हा असलेल्या मुलांनी सांगितल्याचंही त्याच अहवालात आहे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. पण वाद घालणाऱ्यांनी आपापल्या सोयीचं पान उचललं.

'नियम सगळ्यांना सारखेच होते ना?'

फेरेंट्झ यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या चाहत्यांचा हा पहिला मुद्दा, आणि तो वरवर बिनतोड वाटतो. इमारतीत टोपी नको, कानात डूल नको, अमुक कपडे नकोत. सगळ्यांनाच नको, मग भेदभाव कुठे?

भेदभाव मोजायचे दोन मार्ग असतात. नियम कागदावर कसा लिहिलाय हा एक, आणि तो पाळण्यासाठी कोणाला स्वतःतलं किती बदलावं लागतं हा दुसरा. आयोवाच्या एखाद्या खेड्यातून आलेल्या गोऱ्या मुलाला 'इथल्यासारखं राहा' म्हटलं तर त्याला काहीच करावं लागत नाही, तो घरीही तसाच राहतो. डेट्रॉइटमधून किंवा न्यू जर्सीतून आलेल्या कृष्णवर्णीय मुलाला मात्र कपडे, केस, बोलण्याचा बाज, मित्रांत हसण्याची पद्धत, सगळ्यावर पहारा ठेवावा लागतो. नियम एकच, पण एकाला तो फुकट पडतो आणि दुसऱ्याला रोज किंमत मोजून पाळावा लागतो. हे समजायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. शहरी शाळेत खेड्यातली बोली बोलणाऱ्या पोराला 'शुद्ध बोल' म्हणून किती वेळा थांबवलं जातं, ते आपण पाहिलेलं आहे. तिथेही नियम सगळ्यांना सारखाच असतो.

शिस्त असूच नये असं कोणी म्हणत नव्हतं. बोलणाऱ्या खेळाडूंपैकी कित्येकांनी आयोवाने आपल्याला घडवलं हेही सांगितलं. दोन्ही खरं असू शकतं, आणि चाहत्यांना पचवायला सगळ्यात जड हेच गेलं.

'तेव्हा का नाही बोलले?'

दुसरा मुद्दा याहून कडवट. संघात असताना गप्प बसले, आता देशात वारं फिरल्यावर कंठ फुटला, ज्यांना खेळायला मिळालं नाही तेच राग काढताहेत. फेरेंट्झ यांच्या पहिल्या निवेदनातही या सुराची छटा होती: खेळाडूंनी थेट आमच्याशी बोलायला हवं होतं, असं त्यांना वाटत होतं; पुढे त्यांनी बोलल्याबद्दल आभारही मानले होते. पहिल्या अर्ध्या वाक्यावर बरीच टीका झाली, आणि माझ्या मते ती योग्य होती.

कारण बोलायचं कोणाकडे? तक्रार डॉयल यांच्याबद्दल, आणि डॉयल हे मुख्य कोचचे वीसेक वर्षांचे उजवे हात. आक्रमणाची आखणी करणारा कोच होता ब्रायन फेरेंट्झ, म्हणजे मुख्य कोचचा मुलगा. नात्यागोत्याच्या नियमामुळे कागदोपत्री ब्रायनचे वरिष्ठ होते क्रीडा संचालक गॅरी बार्टा, पण एकोणीस वर्षांच्या खेळाडूला कागद दिसत नाही, बापलेक दिसतात. पोराने तोंड उघडलं आणि 'वागणं बरोबर नाही' असा शिक्का बसला, तर खेळायची संधी जाते, आणि कदाचित पुढची व्यावसायिक कारकीर्दही. ट्विटरला बंदी, म्हणजे बाहेर बोलायची वाटही बुजवलेली. बोलले ते माजी खेळाडू, कारण बोलणं परवडणारे तेवढेच होते. 'तेव्हा का नाही' याचं उत्तर त्या 'तेव्हा'च्या रचनेतच होतं.

आणि कोणीच काही सांगितलं नव्हतं, हेही खरं नाही. या स्फोटाच्या आधी विद्यापीठाच्या क्रीडा विभागातच एक अंतर्गत पाहणी झाली होती. इथे टिकायचं तर मुखवटा चढवावा लागतो आणि आपली ओळख दाराबाहेर ठेवून आत यावं लागतं, असं कृष्णवर्णीय खेळाडूंना वाटतं, अशी नोंद त्यात होती. ती वरपर्यंत पोचली होती.

कोचला माहीत होतं का?

खरं भांडण इथे आहे. फेरेंट्झ स्वतः म्हणाले की ही आपली दृष्टीआड राहिलेली बाजू होती. पाठीराखे म्हणाले, पाहा, मोठ्या मनाने चूक कबूल केली, सभ्य माणूस आहे, अख्ख्या राज्याला माहीत आहे. विरोधक म्हणाले, ज्या माणसाला प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीत कोणाचा पाय कुठे हलला ते दिसतं, त्याला स्वतःच्या इमारतीत वीस वर्षं काय चाललंय ते दिसलं नाही?

मला विरोधकांचं म्हणणं पटतं, पण त्यातून काही जण ज्या निष्कर्षावर उडी मारत होते, तो पटत नाही. फेरेंट्झ यांच्या मनात द्वेष होता असं मानायची गरजच नाही. उलट, ते सभ्य आहेत असं गृहीत धरलं तर प्रश्न जास्त अवघड होतो. इमारतीतली सगळी बातमी एका माणसाकडे जमा होते, आणि ती आणून देणारे सगळे त्याचेच विश्वासू. डॉयल यांच्यावर त्यांचा किती भरवसा होता ते आधीही दिसलं होतं. जानेवारी 2011 मध्ये एका जबर व्यायामसत्रानंतर 13 खेळाडूंना स्नायू निकामी व्हायला लागल्यामुळे रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. त्यानंतरही डॉयल त्याच पदावर राहिले, पगार वाढत राहिला. अशा घरात कर्त्याला काही दिसलं नाही, तर तो योगायोग नसतो. न दिसण्याचीच सोय तिथे झालेली असते.

म्हणून 'कोच वर्णद्वेष्टा आहे का' या प्रश्नावर चाहते वर्षानुवर्षं भांडले तरी काही हाती लागत नाही. माणसाचं मन उघडून दाखवता येत नाही. एक जण दहा चांगल्या गोष्टी सांगतो, दुसरा दहा वाईट, दोघंही प्रामाणिक. त्या इमारतीत 19 वर्षांच्या मुलाची तक्रार कोणाकडे जायची, ती दाबली गेली तर कोणाला जाब विचारला जायचा आणि कोचच्या वर कोण होतं, हे प्रश्न मात्र तपासता येतात. त्यांची उत्तरं कागदावर मिळतात.

पैशाचा हिशेब

कागद पुढे आले ते कोर्टातून. नोव्हेंबर 2020 मध्ये अक्रम वॉडली आणि इतर माजी कृष्णवर्णीय खेळाडूंनी खटला भरला. मार्च 2023 मध्ये तडजोड झाली, 41 लाख 75 हजार डॉलर्सची. त्यातले 20 लाख राज्याच्या तिजोरीतून जायचे होते, म्हणून तीन सदस्यांच्या सरकारी मंडळाची मंजुरी लागली. ती 2 विरुद्ध 1 अशी मिळाली. विरोधातलं मत राज्याचे लेखापरीक्षक रॉब सँड यांचं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बार्टा पदावर आहेत तोवर करदात्यांचा पैसा देऊ नका. बार्टा यांच्याच कारकिर्दीत, 2017 मध्ये, लिंगभेदाच्या आणि लैंगिक कलावरून झालेल्या भेदभावाच्या खटल्यांत विद्यापीठाने 65 लाख डॉलर्स मोजले होते. तडजोडीच्याच वर्षी, 2023 मध्ये, बार्टा निवृत्त झाले. तडजोडीच्या बोलण्यात आपल्याला घेतलंच नाही, म्हणून फेरेंट्झ यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली.

तडजोड म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. पाठीराख्यांनी ते ठासून सांगितलं आणि कायद्याने ते बरोबर आहे. पण याच निमित्ताने ज्यांना वर्णाच्या प्रश्नात फारसा रस नव्हता तेही वादात ओढले गेले, कारण आता खिशाला चटका बसला होता.

ब्रायन फेरेंट्झ यांचं काय झालं, ते इथेच सांगतो. फेब्रुवारी 2023 मध्ये त्यांच्या करारात एक अट घातली गेली: संघाने सामन्यामागे सरासरी 25 गुण करायचे. ते झाले नाहीत, आणि ऑक्टोबरमध्ये सांगण्यात आलं की मोसम संपला की त्यांनी जायचं. आयोवाचे चाहते या 25 गुणांवर जेवढे एकदिलाने चिडले, तेवढे तीन वर्षांपूर्वीच्या अहवालावर कधीच चिडले नव्हते. मला हे लिहिताना वाईट वाटतं, पण झालं ते असंच.

संघ जिंकत राहिला, हेही त्यामागे आहे. 2020 चा मोसम पहिले दोन सामने हरून सुरू झाला, मग सलग सहा जिंकले. 2021 आणि 2023 मध्ये दहा-दहा विजय. दर विजयागणिक जूनची आठवण पुसट होत गेली. माजी खेळाडूंची सल्लागार समिती 2022 मध्ये बरखास्त झाली. त्यावर झालेली चर्चा सुरुवातीच्या वादळापुढे काहीच नव्हती.

जिथे संघ हरला, आणि जिथे कोचने बाजू घेतली

विजय हा कोचचा केवढा मोठा वकील असतो, हे पाहायचं तर अर्ध्या शतकामागे वायोमिंगला जावं लागेल. 1969 चा ऑक्टोबर, लॅरामी गाव. कोच लॉइड ईटन. आपल्या विभागाचं विजेतेपद सलग तीनदा जिंकलेले, त्या मोसमातही चारपैकी चार सामने जिंकलेले. पुढचा सामना 18 ऑक्टोबरला ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी. हे विद्यापीठ मॉर्मन चर्चचं, आणि त्या चर्चमध्ये तेव्हा कृष्णवर्णीय पुरुषांना पुरोहितपद मिळत नसे. वायोमिंगच्या 14 कृष्णवर्णीय खेळाडूंना दंडावर काळी फीत बांधून निषेध करायचा होता. तसं करता येईल का, हे विचारायला सामन्याच्या आदल्या दिवशी ते फिती बांधूनच ईटन यांच्याकडे गेले. नुसतं विचारायला. खेळाडूंनी निदर्शनांत भाग घ्यायचा नाही, असा ईटन यांचा नियम होता. त्यांनी चौदाही जणांना तिथल्या तिथे संघातून काढून टाकलं.

राज्यातले चाहते बहुसंख्येने ईटन यांच्या पाठीशी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या संघाने 40-7 असा दणदणीत विजय मिळवला, त्याच्या पुढचा सामनाही जिंकला. कोच बरोबर होता, शिस्त जिंकली, असं वाटावं अशीच परिस्थिती. मग उरलेले चारही सामने संघ हरला. 1970 मध्ये दहापैकी एकच सामना जिंकला आणि ईटन यांची कोचपदाची कारकीर्द संपली. खेळाडूंनी लढवलेला खटला मात्र कोर्टात टिकला नाही. 1972 मध्ये वरच्या कोर्टानेही विद्यापीठाच्याच बाजूने निकाल दिला. ईटन यांना त्यांच्या राज्याने जाऊ दिलं ते चौदा मुलांवरच्या अन्यायासाठी नव्हे, एका हरलेल्या मोसमासाठी.

मिझुरी विद्यापीठात 2015 मध्ये उलट घडलं. वर्णभेदाच्या घटनांकडे विद्यापीठाचे अध्यक्ष टिम वुल्फ यांनी काणाडोळा केला म्हणून एक विद्यार्थी उपोषणाला बसला होता. 7 नोव्हेंबरला कृष्णवर्णीय फुटबॉल खेळाडूंनी जाहीर केलं: वुल्फ जाईपर्यंत आम्ही खेळणार नाही. कोच गॅरी पिंकेल यांनी दुसऱ्या दिवशी संपूर्ण संघाचा, गोऱ्या-काळ्या सगळ्या खेळाडूंचा, एकत्र फोटो टाकला आणि आम्ही आमच्या खेळाडूंच्या पाठीशी आहोत असं लिहिलं. पुढचा सामना रद्द झाला असता तर विद्यापीठाला 10 लाख डॉलर्स भरावे लागले असते. 9 तारखेला वुल्फ यांनी राजीनामा दिला. उपोषणाने आठवडाभरात झालं नव्हतं, ते खेळाडूंच्या एका निर्णयाने दोन दिवसांत झालं. पिंकेल यांच्यावरही चाहते तुटून पडलेच: कोचने राजकारण करावं का? ईटन यांनी मुलांना गप्प केलं तेव्हा मात्र त्याला राजकारण कोणी म्हटलं नव्हतं. ती शिस्त होती.

आयोवाला परत येऊ. 2021 मध्ये किनिक स्टेडियमच्या मैदानाला ड्यूक स्लेटर यांचं नाव दिलं गेलं. स्लेटर 1921 च्या अपराजित संघातले कृष्णवर्णीय खेळाडू, पुढे शिकागोत न्यायाधीश झाले. ते शिकत होते त्या काळात आयोवा विद्यापीठाच्या वसतिगृहात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना जागा मिळत नसे. ते दार 1946 मध्ये उघडलं. मैदानावरचं नाव विद्यापीठाने मनापासून दिलं यात मला शंका नाही. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच मैदानावर फेरेंट्झ यांनी 206 वा विजय मिळवला आणि आयोवा ज्या बिग टेन गटात खेळतं, त्या गटातल्या सर्वाधिक विजयांचा वूडी हेज यांचा विक्रम मोडला. स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

वायोमिंगच्या चौदा जणांची विद्यापीठाने लेखी माफी मागितली ती सप्टेंबर 2019 मध्ये, बरोबर पन्नास वर्षांनी. मॉर्मन चर्चने आपला नियम 1978 मध्येच बदलला होता. ईटन 2007 मध्ये वारले होते. चौदांपैकीही काही जण तोवर राहिले नव्हते. जे होते त्यांच्यातले काही लॅरामीला आले. संघातून खेळलेल्या खेळाडूला विद्यापीठाचं जे जाकीट मिळतं, ते त्यांना तेव्हा देण्यात आलं. सत्तरीच्या घरातल्या त्या माणसांनी ते अंगावर चढवलं.